सुंदरीबाईचं सातवं कडवं

भाड्याच्या कागदावर घरमालकिणीचं नाव होतं के. सुंदरीबाई. ते वाचून मी मनाशी एक बाई तयार केली होती. साठीची, कपाळावर मोठं कुंकू, कमरेला किल्ल्या आणि येता-जाता नळ बंद केला का विचारणारी. तंजावरला पोचले, रिक्षातून ट्रंक उतरवली, तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कान लावून एक तिशीची पोरगी उभी होती. चुडीदार गुडघ्यापर्यंत ओला. तिनं वरूनच मला हातानं ‘थांबा’ अशी खूण केली. मी भर उन्हात थांबले. मिनिटभरानं ती खाली आली आणि म्हणाली, "टाकी अर्धी झाली कीं सूर बदलतो तिचा. तेवढें ऐकत होतें. या अक्का, जेवलांत कां?"

ही सुंदरीबाई, शेकडो वर्षांपूर्वी राजांबरोबर तंजावरला येऊन राहिलेल्या मराठी घरांतली. त्यांच्याकडे मुलीच्या नावापुढे जन्मापासूनच ‘बाई’ लागते. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर, सगळीकडे. मला त्याचं फार हसू यायचं. तिला माझ्या ‘ताई’चं यायचं.

मी परभणीकडची. वडील रोडरोलर चालवायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि बी.एस्सी. झाल्यावर माझ्या नावाची पाटी वडिलांनी स्वतः रंगवली होती, हे मी कुणालाही न विचारता सांगते. तंजावरला धान्यावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात मला प्रयोगशाळेत नोकरी लागली. भातातला ओलावा मोजायचा, नोंद करायची, पुढचा नमुना घ्यायचा. पाच वर्षं हे काम केलं आणि पाचही वर्षं सुंदरीच्या घरच्या वरच्या मजल्यावर राहिले. संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिचे वडील, अप्पा, वीणा बनवणाऱ्या कारखान्यात लाकूड कोरायचे. फणसाचा ओंडका आला की बोटाच्या पेरानं ठोकून ‘हा बोलेल’, ‘हा मुका’ असं सांगायचे. अशाच एका उरलेल्या फळकुटाचं सुंदरीनं एक वाद्य केलं होतं. चार तारा, हातभर लांबी, खाली भोपळा नाही. नाव विचारलं तर म्हणायची, "तुकडा." आणि खरंच, तंजावरभर त्याला तुकडाच म्हणत. तांदळाच्या पोत्यात घालून, सायकलच्या दांडीला बांधून ती तो घेऊन फिरायची. अप्पांना तो बघवत नसे. "वीणेच्या घरांत जन्मलीस आणि हें काय? ह्याला बसायला मांडी लागत नाही, धरायला रीत लागत नाही."

"चालतां चालतां वाजवतें ना मी, अप्पा. मांडी घालून चालतां येतें कां?"

सकाळी ती एका शाळेत मुलांना संगणक शिकवायची. दुपारनंतर सायकल. तंजावरहून तिरुवैयारु, तिरुवैयारुहून कालव्याकडेनं कुठेही. नवीन माणूस भेटला की लोक गाव विचारतात, जात विचारतात, पगार विचारतात. ती विचारायची, "तुमच्याकडे पाणी कुठून येतें?" मलाही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "नळातून." तिला ते पुरलं नाही. नळात कुठून, टाकीत कुठून, नदी कोणती, असं करत करत तिनं मला थेट आमच्या कालव्याच्या टोकापर्यंत नेलं, तेव्हा मला सांगावं लागलं की आमचं रान कालव्याच्या टेलला आहे आणि तिथं पाणी पोचेपर्यंत उन्हाळा संपतो. ती म्हणाली, "इथें त्याला कडैमडै म्हणतात. शेवटची मोरी."

तिच्या फोनमध्ये शेकड्यांनी आवाज भरलेले होते आणि त्यांना तिनं दिलेली नावं वाचून मी पोट धरून हसले होते. ‘मंगळवार बेडूक डावीकडचा’. ‘बगळा उडाला, बस आली, वाया’. ‘नारळ पडला, मी घाबरलें’. हे सगळं मराठी, पण तमिळ अक्षरांत लिहिलेलं. देवनागरी तिला येत नव्हती. मी शिकवायला घेतली, चार दिवस बसली, पाचव्या दिवशी म्हणाली, "अक्का, तुमची अक्षरें दोरीवर वाळत घातल्यासारखीं दिसतात," आणि विषय संपला.

गाणी ती एकटीच करायची आणि एकटीच म्हणायची. तिच्या घरातल्या जुन्या मराठीत, मध्येच तमिळ ओळ, परत मराठी. लोकांना सगळे शब्द कळत नसत, म्हणून कडव्याचा अर्थ ती आधी तमिळमध्ये सांगायची, आणि लोक ऐकत. कुणी फोनवर चित्रण करून टाकलं की हजारो लोक बघत, बंगळूरहून, चेन्नईहून निरोप येत. त्याचं तिला कौतुक कमी होतं. तिची एकच पद्धत होती आणि ती मला सुरुवातीला शुद्ध वेडेपणा वाटायची. ज्या जागेवरचं गाणं, ते पहिल्यांदा त्या जागेवर जाऊन, तिथल्या माणसासमोर म्हणायचं. तो माणूस ‘बरोबर’ म्हणाला तर ठेवायचं.

तिचं मोठं गाणं पाण्यावर होतं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी कल्लणै धरणाचे दरवाजे उघडतात, लोक फुलं आणि भाताचे दाणे टाकतात आणि कोरड्या कालव्यांतून पाणी खाली निघतं. त्या पाण्याबरोबर ती सायकलनं जायची. पाणी सायकलपेक्षा हळू. माणसाच्या चालीपेक्षाही हळू, कारण वाटेतली भेगाळलेली माती आधी पिते. मग ती पुढे जाऊन बसायची आणि वाट बघायची. सात टप्पे, सात कडवी. सातवं शेवटच्या मोरीचं.

दुसऱ्या कडव्यात तिनं पाणी खळाळत येतं असं म्हटलं होतं. ते तिनं जिथं म्हटलं तिथं सेल्वराज उभा होता. कालव्याचे दरवाजे वरखाली करणारा सरकारी माणूस, त्याला तिकडे लस्कर म्हणतात. खाकी शर्ट, तोंडात पान. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि पिंक टाकून म्हणाला, "अक्का, तुम्ही नळाचं गाणं केलंय. कालव्यात पहिलं पाणी आवाज करत नाही. आधी वास येतो. मग खेकडे पळतात. मग फेस, पाचोळा, एखादी चप्पल. पाणी सगळ्यांच्या मागून."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. सुंदरी त्याच्या शेजारी बांधावर बसली आणि त्याच्याकडून खेकड्यांची सगळी माहिती काढून घेतली. मग ते कडवं असं झालं:

कोरड्या वाटेनें कोण येतें?
आधी वास येतो, मग तें येतें.

हे मी तिच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी मला आमच्या शेताच्या टोकाची जमीन आठवायची. मला संगीत कळत नाही असं मी म्हटलं, पण एवढं कळतं.

आता सातव्या कडव्याचं. मी तिथं गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पापनाशमच्या पुढच्या एका गावात देवळाची जत्रा होती. शाळेच्या अंगणात मांडव, माणसं खाली बसलेली. मी हौसेनं गेले होते. सुंदरीनं चपला काढल्या, कारण चपला घालून ती कधीच गायची नाही, आणि पाण्याचं गाणं धरलं. सहा कडवी झाली. सातवं तिनं त्या वेळी घरी बसून केलेलं होतं. कडैमडैपर्यंत ती तोवर पोचलीच नव्हती. शाळेची परीक्षा आली होती, रजा नव्हती, म्हणून तिनं मनानंच लिहिलं. शेवटचं शेत पाणी पितं, पोरं नाचतात, बगळे उतरतात. फार गोड चाल. लोक टाळ्या वाजवायला लागले.

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. काळा, उंच, खांद्यावर टॉवेल. त्याचं नाव कलियपेरुमाळ हे नंतर कळलं. सगळे त्याला पेरुमाळ ताता म्हणत. ताता म्हणजे आजोबा.

तो म्हणाला, "पोरी, हे कुठल्या वर्षी झालं?"

सुंदरीला कळेना. "काय ताता?"

"पाणी आमच्या मडैपर्यंत आलं म्हणतेस. कुठल्या वर्षी आलं? आधी सांगितलं असतंस तर आम्हीही बघायला आलो असतो."

मांडवभर हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं, पण हसू ते हसूच. सुंदरी उभ्या जागी लाल झाली. तुकडा पोत्यात घालताना तिची बोटं तारांत अडकत होती. परतीच्या बसमध्ये तिनं पोतं मांडीवर घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे गं, म्हाताऱ्याला गाण्यातलं काय कळतंय?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सायकलवर त्याच्या गावाला गेली. संध्याकाळी पायांत काटे घेऊन परत आली. सुई तापवून काटे काढता काढता सांगत होती. ताता तिला कालव्याच्या आतून चालवत घेऊन गेला होता. शेवटचा मैलभर कालवा म्हणजे वेड्या बाभळीचं रान. वरच्या अंगाला पाणी वळवून घेतात, खाली उरत नाही. बोअरवर कसंबसं एक पीक. "मी विचारलें, ताता, पाणी आलें तर मला बोलवाल कां? ते म्हणाले, आलं तर तुला काय, देवाला बोलवीन."

त्या दिवसापासून तिनं सातवं कडवं गाणं बंद केलं. पण गाणं सहा कडव्यांवर संपवलंही नाही. सहावं झालं की ती तारांवर तळवा ठेवायची आणि सातवं कडवं म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ नुसती उभी राहायची. लोकांना वाटे संपलं. टाळ्या सुरू होत. ती एक हात वर करायची. टाळ्या थांबत. मग कुठं पंखा ऐकू येई, कुठं कुणाचं खोकणं. वेळ भरला की ती नमस्कार करून खाली उतरायची.

मला ते पहिल्यांदा बघून घाम फुटला होता. माणूस ओळ विसरला की आपल्याला होतं तसं.

पुढच्या वर्षी पाणी आलं नाही, बाभळी कुणी काढल्या नाहीत म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी गावानं बाभळी काढल्या, सुंदरीही कोयता घेऊन गेली, पण वरचा दरवाजा वेळेआधी पाडून बंद केला. पाणी दोन मोऱ्या अलीकडे थांबलं. सेल्वराज म्हणे हुकूम होता. सुंदरी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. मग एकदा पोळीभाजी बांधून घेऊन गेली, कारण हुकूम त्याचा नव्हता हे तिलाही माहीत होतं.

याच सुमाराला चेन्नईहून गाणी काढणाऱ्या एका कंपनीचे दोघे घरी आले. छान माणसं होती, खोटं कशाला बोलू. त्यांना पाण्याचं गाणं हवं होतं. देशभर ऐकवू म्हणाले. एकच अडचण, ती मधली शांतता. तिथं ऐकणारा गाणं बंद करून पुढं जातो. एक तर ती कापू या किंवा ते जुनं कडवं म्हणा, त्याची चाल तर सुरेख आहे.

सुंदरी म्हणाली, "तें झालें नाही अजून."

"लिहून झालंय की."

"लिहून झालें. झालें नाही."

ते गेल्यावर अप्पांचा स्फोट झाला. मी जिन्यात होते, सगळं ऐकू आलं. "कल्पना म्हणून कांहीं असतें कीं नाही कलाकाराला? आपल्या राजांच्या दरबारांत गाणारे काय सगळे युद्ध बघून आले होते?"

"ते राजाला गात होते, अप्पा. राजा मागून उठून विचारत नाही, कुठल्या वर्षी झालें म्हणून. पेरुमाळ ताता विचारतात."

"त्या एका म्हाताऱ्यासाठीं एवढें दार बंद करतेस?"

"त्याच्या तोंडावर त्याचें शेत भिजलें म्हणून गायलें मी, अप्पा. तें कोरडें होतें."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला स्पष्ट सांगितलं की तू मूर्ख आहेस. आमच्यासारख्यांच्या दारात संधी दोनदा येत नाही. माझ्या बापानं रोलरवर उभ्या उन्हात आयुष्य काढलं म्हणून मी इथं आले आणि तू आयती आलेली गोष्ट एका ओळीसाठी घालवतेस. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, भाताचा ओलावा न मोजतां आकडा लिहाल कां तुम्ही?"

त्याच महिन्यात आमच्याकडे एका नव्या मुलानं तसंच केलं होतं, अंदाजानं आकडे भरले होते, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे मीच तिला घरी येऊन फुशारकीनं सांगितलेलं. मी डाळीतले खडे काढायला लागले.

पाचव्या वर्षी माझी बदली झाली. सामान पुढं गेलं, माझी गाडी संध्याकाळची. त्याच दिवशी सकाळी सेल्वराजचा फोन आला. त्या वर्षी पाणी भरपूर सुटलं होतं, गावानं बाभळी मुळासकट काढल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, "आज."

सुंदरी सायकलवर पुढं गेली. मी निरोपाचं जेवण तसंच टाकलं. अप्पांनी मोपेड काढली आणि मला म्हणाले, "बसा. मला कांहीं बघायचें नाही तिथें. तुम्हाला पोचवतों फक्त." वाटभर दोन्ही बाजूंना रोपांसाठी चिखलणी चाललेली. अप्पांची मोपेड इतकी जोरात पळताना मी कधी पाहिली नव्हती.

कडैमडै म्हणजे बघायला काही नाही. दगडाची एक मोरी, त्यावर चुन्यानं काढलेला आकडा, बाजूला एक पिंपरणीचं झाड, पलीकडं सपाट तपकिरी जमीन. बांधावर सगळं गाव, सेल्वराजही. पेरुमाळ ताता मोरीपाशी उकिडवा बसला होता. सुंदरी कोरड्या कालव्यात अनवाणी उभी, तुकडा पोत्यातच.

तीन वाजायला आले असतील. आधी वास आला. मी शपथेवर सांगते, आधी वास आला. आमच्या प्रयोगशाळेत भातात पाणी मुरतं तेव्हा येतो तसा, पण मोठा. मग मातीतून खेकडे निघाले आणि आडवे पळायला लागले. बायका हसायला लागल्या. मग वळणावरून पिवळा फेस, पाचोळा, एक प्लास्टिकची बाटली आणि एक निळी चप्पल. सेल्वराजनं सुंदरीकडे बघून मिशीत हसून घेतलं. पाणी मागून आलं. तिच्या पावलांपाशी येऊन थबकलं, दोन्ही बाजूंनी फिरलं, पुढं गेलं.

तातानं खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला. देवळात जाताना बांधतात तसा. मुठीतले भाताचे दाणे टाकले.

सगळे सुंदरीकडं बघायला लागले. अप्पासुद्धा. तिनं पोतं सोडलं, तुकडा काढला, बांधावर चढून बसली आणि विचारलं, "ताता, गाऊं कां?"

तातानं पलीकडं बोट दाखवलं. "ती टोकाची पट्टी दिसते ना? मुनियम्माची. लोक मला कडैमडैचा म्हणतात, पण शेवटचं शेत तिचं. तिथं ओलं होऊ दे." आणि फावडं उचलून तो बांध फोडायला गेला. मुनियम्मा, एक लहानखुरी विधवा बाई, आपल्या शेतात उभी होती, पदर खोचून, हात बांधून.

पाणी पहिल्या शेतात शिरलं. भेगांतून बुडबुडे यायला लागले. मला वाटलं आता होईल दहा मिनिटांत. पण कोरडी जमीन काय पिते ते शेतकऱ्याच्या घरच्यांना विचारा. अर्धा तास झाला, एक तास झाला. पाणी दुसऱ्या शेताच्या मध्यावर. माझ्या गाडीची वेळ होत आली. अप्पा उठून मोपेडची किल्ली शोधायला लागले, पण डोळे शेताकडं. मी म्हटलं, "तुम्ही बसा अप्पा. मी बसनं जाते." त्यांनी नको म्हटलं नाही.

मी सुंदरीच्या शेजारी टेकले. आणि खरं सांगते, मोह झाला. म्हटलं, "सुंदरी, म्हणून टाक ना. माझ्यापुरतं. पाणी आलंच आहे, आता राहिलंय काय."

तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात चिखलानं गार होता. तिनं मुनियम्माच्या पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओलावा मोजायचा राहिला होता.

मी उठले.

गावाची बस बांधावरच्या रस्त्यानं जाते, म्हणून खिडकीतून सगळं दिसत होतं. पिंपरणीखाली सुंदरी, मांडीवर तुकडा, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिच्या शेजारी अप्पा, मांडी घालून, वीणेच्या बैठकीला बसतात तसे ताठ. पलीकडं ताता शेवटच्या बांधावर फावडं मारत होता. कंडक्टर बाई विचारत होती, "कुठं उतरणार?" आणि मी मान वळवून बघत होते. बांध फुटला. मुनियम्मा दोन पावलं मागं सरली, वाट दिली आणि खाली वाकली.

सुंदरीनं तुकडा उचलला. बस वळली.